गेटच्या आत

हॅलो?… काच फुटली… हो, रिपोर्टचं मुखपृष्ठ हिरवंच ठेव… नाही गं, दगड नाहीत, नटबोल्ट फेकतायत… थांब, माझा पाय धरलाय.

गुरुमूर्ती सरांनी! माझ्या टेबलाखाली घुसलेत. आपले प्लान्ट मॅनेजर, हो, तेच… हस, सावनी, हस. तिकडे पेरुंगुडीच्या हेड ऑफिसात, एसीत बसून हसायला काय जातंय? इथे दाराची बिजागरी उखडलीये.

कोण म्हणजे? लोडिंगची माणसं. रॉड घेऊन आलीत… सिक्युरिटीवाला? त्याचे दात पाडले त्यांनी.

अगं ऐक ना… रंगा. ट्रान्सपोर्टवाल्यांचा रंगा, ट्रेलरवर गाड्या चढवायचा तो. ट्रेलर मागे आला आणि हा भिंतीशी चिरडला. कमरेखाली नुसता… नाही. गेला. हॉस्पिटलच्या वाटेवरच.

काय?

माणूस मेलाय आणि तू विचारतेस, गेटच्या आत की बाहेर?

हो, हो, नियम माहितीये मला. यंदापासून सस्टेनेबिलिटी रिपोर्टमध्ये ट्रान्सपोर्टवाल्यांची माणसंही मोजायची, पण गेटच्या आतली. बाहेर चिरडला तर तो रस्त्यावरचा अपघात, आपला नाही. म्हणून तर… सर, पाय सोडा!… ऐकू येतंय ना तुला? 'वेळिये, वेळिये' चाललंय खालून. बाहेर झालं म्हण, म्हणतायत.

सेफ्टी ऑफिसर मी आहे. मी हो म्हटल्याशिवाय तू 'अपघाती मृत्यू शून्य' छापायला पाठवू शकत नाहीस. बरोबर? मग ऐक. आत झालं. लोडिंगच्या धक्क्यावर. सरांनी त्याला उचलून गेटबाहेर, रस्त्यावर ठेवायला लावलं. त्यानंतर ॲम्ब्युलन्स बोलावली. ते त्या सगळ्यांनी पाहिलं, म्हणून रॉड आलेत.

कुणी उचललं?… सिक्युरिटीवाल्याने खांदे धरले. पाय मी.

शून्य नसलं तर ऑर्डर जाईल? जाऊ दे… माझी नोकरीपण जाईल, ते काय मला कळत नाही?… अय्यो, चावताय काय सर! माणूस आहात का कोण!

सावनी, शून्य खोड. एक लिही. गेटच्या आत, एक… लिहितेस ना? दार पडतंय इथे, लिहून मला वाचून दाखव… सर, फोनची वायर सोडा. वायर सो—

हॅलो? सावनी?… हॅलो?

रंगाला उचललं तेव्हा तो शुद्धीवर होता.