उटीच्या तळ्यात हाली

पोलीस ॲक्शन संपली त्या आठवड्यात, हैदराबादेत अफझलगंजला रेशनच्या रांगेत माझ्यापुढे हिम्मतराव आणि त्यांची बायको भामाबाई.

“भामा, कुणाला पटणार नाही, पण इथे फौज शिरली तेव्हा मी उटीच्या तळ्यात नाव वल्हवत होतो.”

“आणि मी इथे देव पाण्यात घालून बसले होते!”

“काय थंडी! गोऱ्यांचे बंगले, चर्चची घंटा! नावाड्याच्या हातावर हाली रुपया ठेवला, तर सलामावर सलाम.”

“निजामाचा हाली? उटीत घेतला?”

“हौ, खुशीने!”

“अहो, सरहद्दीपलीकडे त्याला कुत्रं हुंगत नाही, हिंदुस्थानी कलदारच लागतो. इथेच नल्लकुंट्यात माझ्या भावाच्या चिंचेच्या कोठीत लपला होतात! कोटाला वास येतोय. जिवंत आहात, मला तेवढी उटी पुरे.”