दिव्यावरचं कुंकू

सर्व्हर उघडण्याआधी मी रुमालाने त्याचे दिवे पुसतो, म्हणून हसता ना? ऐका मग.

होळीच्या आदल्या दिवशी धुळ्याच्या एका दवाखान्यातून फोन आला. त्यांच्या युनिक्स सर्व्हरला दोन डिस्क, दोन्हींवर तोच डेटा. एक गेली तरी दुसरी सांभाळते. जळगावहून पोचलो, तर स्क्रीनवर एक डिस्क 'मिसिंग', पण वरची की खालची ते लिहिलेलं नाही. चालू सर्व्हरमधून मेलेली डिस्क ओढायची आणि नवी बसवायची. चुकून जिवंत ओढली, तर सगळ्या पेशंटचे रिपोर्ट गेले. बॅकअप विचारला, तर डॉक्टर म्हणाले, "तो कधी घेतलाच नाही."

वरच्या डिस्कचा दिवा बंद, खालचीचा लाल. लाल म्हणजे बिघाड, हे आम्हाला पाठ. वरची नुसती निवांत असेल, असं मी धरून चाललो आणि खालचीच्या कडीवर बोट ठेवलं.

"साहेब, थांबा!" तिथले जुने शिपाई नाना ओरडले. "तो दिवा लाल नही शे. कुंकू शे ते. खंडेनवमीनी पूजाले मीच लायेल शे."

त्यांनी अंगठ्याने पुसलं, तर आतून हिरवा दिवा लुकलुकला. मी कडीवरचं बोट काढलं. वरची बदलली, आणि सगळा डेटा नवीवर उतरेपर्यंत खुर्ची सोडली नाही.

निघताना विचारलं, "नाना, वरच्या डिस्कला का नाही लावलं कुंकू?"

"ती तं तवयच बंद व्हती, साहेब. बंद वस्तूनी पूजा करतस का?"

म्हणजे दसऱ्याच्या आदल्या दिवसापासून होळीपर्यंत अख्खा दवाखाना एकाच डिस्कवर चालला होता, आणि ते फक्त नानांना माहीत होतं.