नळाला हळदकुंकू

नळाच्या अर्जासाठी लागलेल्या रांगेत माझ्यापुढे माधवगंजातलं एक वयस्क जोडपं उभं होतं.

"अहो, नळ आला की विहिरीचं काय?"

"केरकचरा टाकून बुजवू. पाणी ओढून ओढून तुझं मनगट सुजतं, म्हणून तर या उन्हात उभा आहे."

"केरकचरा? खाली पाणी एकच असतं. आपली घाण शेजारच्या शामलाबाईंच्या विहिरीत उतरेल. त्या तेच पितात."

"बरं, नुसत्या फळ्या टाकून झाकू."

"उपसा थांबला की झरे बुजतात. मग पाणी नासतं."

"एवढा कसला गं लळा त्या विहिरीचा?"

"सूनबाईला सातवा लागलाय. बाळ झालं की कुआँ पूजायला नको?"

"ती इथल्या लोकांची रीत. आपल्यात कुठे आहे?"

"आपला श्रीपाद झाला तेव्हा शेजारणींनी माझ्याकडून करून घेतली, तेव्हापासून आपली झाली. आता काय नळाला हळदकुंकू लावू?"

"हळू बोल, लोक हसतायत."

"हसू देत."

खिडकीतून कारकुनानं विचारलं, "घर में कुआँ है?"

"है जी."

"चालू रखेंगे या बंद?"

"...चालू."

"नल लगने के बाद पानी खींचेगा कौन?"

"हम खींचेंगे. रोज दस बाल्टी."

"अहो, दहा? तुमची कंबर!"

"तू कट्ट्यावर बसून मोजत जा. पाचाला दहा म्हणालीस तरी चालेल."