माझी वळख चुकत न्हाई

मी धनगराची लेक, झरीकडच्या रानात मेंढरातच जलमले, बोरीच्या शिवारात दिली, तर हितं बी मेंढरंच. काय सांगू तुमाला, दोनशे मेंढरात कोनतं कोकरू कोन्या मेंढीचं ते तोंड पाहून सांगते मी. सांजच्याला कोकरं आयांना लावायचं काम माझंच. सारं गाव म्हनतंय, भागाबाईची वळख चुकत न्हाई. फकस्त माझी जाऊ म्हनत न्हाई. कुडाच्या पल्याड ऱ्हाती, आठ वर्सं झाले, मी तिला बोलत न्हाई. कामून ते सांगते, तुमी लिवत ऱ्हावा, मधी इचारू नका.

तर औंदा शिकऱ्यानं माझ्या कोंबडीची सहा पिल्लं नेली. रोज शिव्या घालायले मी त्याला. एक दिस भर दुपारी गोफन घेऊन अंगनात बसले, तर बांधावर, वर आभाळात, एकाच जागी पंख फडफडवत थांबलेलं पाखरू दिसलं. म्या म्हनलं आला मुडदा, आन सोडला दगड. पडलं की खाली.

जवळ गेले तर एक पंख लोंबायलाय, पन डोळे लाल इस्तू, चोच वासून माझ्यावरच धावायलंय. अंगठा फोडला माझा. तसंच पदरात दाबून आनलं, कोंबड्याच्या डालग्याखाली कोंडलं आन आमच्या मालकाला म्हनलं इळा आना. तवर जाऊ कुडावरून बघायली व्हती. म्हनती कशी, अवं ते शिकरा नव्हं, कापशी हाय, उंदरं खाती ती. आठ वर्सांनी तोंड उघडलं ते असं. म्या म्हनलं, तू मला वळख शिकवती व्हय, तुला सोताचं कोकरू तर वळखलं न्हाई. ती म्हनली, म्या वळखलं व्हतं, गावानं तुजं आयकलं.

तेच ते कोकरू, आठ वर्सांमागचं. तिची आन माझी मेंढी एकाच बाभळीखाली येली, एक कोकरू मेलेलं, एक जितं. जितं माझं, म्या म्हनलं. पंच बसले आन माझ्या वळखीवर मला देऊन उठले. तिच्याकडं तवा चारच मेंढरं व्हती, लय रडली ती.

डालगं उचलून पायलं मी. शिकऱ्याच्या छातीवर तांबूस आडवे पट्टे असतेत. हिचं पोट पांढरंधोट, खांद्यावर काळा डाग. कापशीच. जाऊ तिथंच उभी. म्या मान वर केली न्हाई, मालकाला म्हनलं इळा ठुवा, फारेस्टवाल्याला फोन लावा. तो खोकं घेऊन आला, म्हनला कशानं लागलं. म्या म्हनलं तारेला धडकलं. जाऊ आयकायली व्हती, गप ऱ्हायली. तिचं ते गप ऱ्हानं मला दगडापरीस लागलं. पाखरू परभणीला नेलं, जगलं का मेलं कुनाला ठावं, म्या इचारलं बी न्हाई.

पन तवापसून कोकरू लावायला बसले की हात थांबतोय. बाभळीखालची ती माझी मेंढी तवा त्या कोकराला लाथा मारायली व्हती. पहिलारू मेंढी मारतेच, म्हनून म्या तिचे पाय धरून पाजलं, तीन दिस पाजलं. हे पंचाला सांगितलं नव्हतं मी. त्या कोकराच्या पोटच्या मेंढ्या, त्यांच्या पोटच्या, समद्या माझ्याच वाड्यात हायेत, आन ती पल्याड तेवढ्याच चार मेंढरांना पाला टाकायली. लिवा तुमी, लिवा, तिला वाचता येत न्हाई. देव तिचं भलं करो, मला जमायचं न्हाई.