गाळलेली ओळ

एमआरआयच्या खोलीबाहेर लेकीची वाट बघत बसलेल्या शिंपीणबाईंचे कान शेजारच्या बाकाकडे लागले होते. तिथे काठी धरून बसलेल्या बहिणीला तिचा भाऊ रिपोर्ट वाचून दाखवत होता.

“मेंदूत मल्टिपल स्क्लेरॉसिसचे नवे डाग नाहीत. झालं, ताई. चल, घरी जाऊ.”

“थांब. मधली एक ओळ गाळलीस.”

“काहीतरीच तुझं!”

“नजर अधू झाली म्हणून काय झालं? तीस वर्षं प्रुफं तपासलीत मी. वाचणारा कुठे उडी मारतो ते आवाजावरून कळतं मला.”

“अगं, फालतू आहे ते.”

“फालतू आहे तर वाच की.”

“मेंदूतला करडा भाग... आणखी आकसला आहे.”

“आणखी? म्हणजे मागच्या वर्षीही आकसला होता. तेव्हा नाही वाचलंस.”

“तेव्हा तू विचारलं नाहीस.”

“दमले होते रे. तुझ्यावर विसंबले.”

“ताई, मी...”

“रडू नकोस, लोक बघतायत. जुनी फाईल आणलीस ना?”

“आणलीये.”

“मग मागच्या वर्षापासून वाच.”

शिंपीणबाई उठून पलीकडच्या बाकावर जाऊन बसल्या. आवाज तिथेही येत होता.