केरबाला लागलेला चकवा

ऐका. शेकोटीत जरा लाकूड सारा, आन् जवळ सरकून बसा. ही गोष्ट आपल्याच मागल्या आळीतल्या केरबा सणगराची.

खांद्यावर घोंगड्या टाकून गावोगाव विकत हिंडायचा. पण स्वभाव कसा, तर बूड म्हणून टेकायचं न्हाई. जेवताना निम्म्यातनं उठायचा. लहानपणी त्याची आत्ती गोष्टी सांगायची, तर शेवटापतुर हा कधी बसला न्हाई.

एका सांजेला निरोप आला. त्याची लेक मैना माळापलीकडच्या वाडीत दिलेली. तिला कळा लागल्यात, आन् बाळ अडलंय.

बायको म्हणाली, "अंधार पडलाय. लांब पडला तरी गाडीरस्त्यानं जावा."

"पोरगी तिकडं तळमळतीया, आन् मी वळसा घालू?" असं म्हणून केरबा माळाच्या वाटेला लागलासुद्धा.

माळ तुम्हाला ठावं हाय. एक वाकडी बाभळ, बाकी नुसती कुसळं. केरबानं बाभळ मागं टाकली. जरा गेला, तर म्होरं बाभळ. तीच. वाकडी. म्हणाला, दुसरी असंल. झपाझपा चालला. पुन्यांदा बाभळ. आता घाम फुटला. पळायला लागला. आन् जेवढा पळं, तेवढी बाभळ लवकर येई.

मग लांब कंदील दिसला. जिवाला बरं वाटलं बघा. "कोण हाय हो?" त्यानं इचारलं. कंदील आपला चालायला लागला. हा त्याच्या मागं. हा थांबला की कंदील थांबे, हा पळाला की कंदील पळे. पळता पळता कंदील इझला, आन् अंधारातनं मैना बोलली.

"आबा, इकडं. लवकर या."

लेकीचाच आवाज. केरबा सुसाट सुटला. पायाखालचा दगड निसटला, आन्... नीट ऐका... दगड पडल्याचा आवाजच आला न्हाई. मग खाली, लई खाली, पाणी वाजलं.

केरबा जागच्या जागी गार पडला. तवा त्याला आत्ती आठवली. तिच्या सगळ्या गोष्टींतलं एवढंच त्याच्या कानात राहिलं हुतं: वाट चुकल्यावर जो पळतो, तो चकव्याचा. जो बसतो, तो आपल्या घरचा.

केरबा बसला. खांद्यावरचं घोंगडं डोक्यावरनं घेतलं, दोन्ही मुठींत गवत धरलं.

"आबा, मी मरतीया, आन् तुम्ही बसलाय?"

बापाचं काळीज ते. पाय आपसूक उठाया बघत हुते. आवाज जवळ आला. घोंगड्याचं टोक कुणीतरी वढलं. अगदी कानाशी येऊन लेक हुंदके देऊ लागली. केरबाबी रडला. पण उठला न्हाई.

झुंजूमुंजू झालं, तसं त्यानं घोंगडं सारलं. म्होरं हातभरावर पडकी विहीर, कठडा नसलेली.

तसाच तो वाडीला गेला. मैना सुखरूप हुती. पोरगी झाली हुती. बापाला बघून ती म्हणाली, "आबा, रातभर तुम्हालाच हाका मारत हुते. ऐकू आल्या का?"

केरबानं नातीच्या अंगावर घोंगडं घातलं, आन् "आलो की गं," एवढंच म्हणाला.

हाका तिच्याच हुत्या, बाबांनो. वाट तेवढी दुसऱ्या कुणाची हुती. म्हणून सांगतो, दिवस मावळल्यावर कसलंबी काम असू द्या, माळावरनं जाऊ नका. आन् गेलातच, नि बाभळ पुन्यांदा दिसली, तर बसा. कुणीबी हाक मारू दे. माझ्या आवाजात मारली तरी.