एक टिचकी, दोन टिचक्या

हॅलो? … हं, बोल छोटे. … कामावरच आहे, गोदामात. … हो, हो… अगं ऐक ना, दारात ट्रक लागलाय, माल चढवायचाय.

… काय? परत धाप लागली? … ओठ निळे पडलेत का? … नाही ना? मग बाबांना उशीला टेकवून बसव. खिडकी उघड.

… हो, आहेत. एकोणीस. समोरच आहेत माझ्या, ऑक्सिजनचीच मशीनं. … अगं, पण ती त्या पूर आलेल्या देशात चाललीत. सरकारी मदत आहे, मी काय घरचं वाटतेय?

… माहितीये. मशीन मिळायच्या यादीत बाबा सदतिसावे, आणि इथून परक्यांना खोकी चाललीत. मलाही राग येतो. लष्कराच्या भाकऱ्या म्हण, काय हवं ते म्हण. … हसत नाहीये मी.

… एक काढून ठेवलं तर? … नाही कळणार कुणाला. 'एक नादुरुस्त' असं लिहायचं, खाली माझीच सही. रात्रभर तेच डोक्यात होतं. … अगं, पण आधीच्या छत्तीस जणांचं काय? त्यांची मुलगी गोदामात नाही म्हणून?

… आणि तिकडची नर्स सकाळी फोनवर विचारत होती, कधी निघताय. एका मशीनवर दोन बाळं ठेवलीत म्हणे, आळीपाळीनं.

… मला नको शिकवूस. माझेही बाबा आहेत ते.

… काय? स्पीकरवर आहे? मघापासून? … म्हणजे त्यांनी सगळं ऐकलं? … बाळांचंसुद्धा?

… बरं. फोन त्यांच्या हाताशी धर.

बाबा? बोलू नका, दम जाईल. आपली रोजची टिचकी मारा फोनवर. एक म्हणजे हो, दोन म्हणजे नको. … मी मशीन ठेवून घेऊ?

…

एक. … बाबा, अजून एक मारायचीय का? … दम खा, मी थांबते. … अहो ड्रायव्हरदादा, हॉर्न नका वाजवू, मला ऐकू येत नाहीये. … बाबा, एकच होती ना?

… छोटे, तू बघत होतीस ना? बोट परत उचललं होतं का त्यांनी? … छोटे?

… हॅलो? फोन ठेवलास?